जानेवारीचं मूल, डिसेंबरचं मूल: ज्युनिअर टेनिसमध्ये जन्ममहिन्याचा हिशेब कसा धरावा

ज्युनिअर स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, लागला की पालक आधी सीडिंग (मानांकन) बघतात, मग पहिल्या फेरीत कोण आलंय ते. त्याच कागदावर आणखी एक रकाना मनातल्या मनात जोडायची सवय लावून घ्या: जन्मतारखेचा. उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेल्या आठ मुलांच्या तारखा विचारून बघा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे महिने त्यात वारंवार ऐकू येतील.

हा योगायोग नाही. १९९४ मध्ये डच संशोधक आद डुडिंक यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. १२ ते १६ वर्षांच्या आघाडीच्या डच टेनिसपटूंपैकी जवळपास निम्मे वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले निघाले. महिन्यांचा वाटा समान असता तर ते पाव भाग निघायला हवे होते. त्याच टिपणात इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचाही हिशेब होता, आणि तिथे पारडं सप्टेंबर ते नोव्हेंबरकडे झुकलेलं होतं. कारण इंग्लंडमध्ये शालेय वर्षाची कटऑफ तारीख, म्हणजे जिथून वयोगट मोजायला सुरुवात होते ती तारीख, १ सप्टेंबर. तारीख बदलली की ‘शुभ’ महिनाही बदलतो, म्हणजे पत्रिका काढण्यात अर्थ नाही. (पत्रिकेचा मोह होणाऱ्यांसाठी: यानिक सिनर, सुमित नागल आणि दिएगो श्वार्ट्झमन या तिघाही टेनिसपटूंचा वाढदिवस १६ ऑगस्टला असतो. खुशाल लावा अर्थ.)

घडतं ते असं. एकाच जन्मवर्षातल्या दोन मुलांत जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं. दहाव्या वर्षी ११ महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा अकरावा-बारावा हिस्सा. उंचीत सरासरी ५ सेंटिमीटरचा फरक, शिवाय कोर्टवर वर्षभर जास्त सराव. मोठं मूल जिंकतं, त्याला राज्याच्या शिबिरात बोलावणं येतं, चांगले सरावसोबती आणि जास्त कोर्ट-तास मिळतात, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच सरस झालेलं असतं. पैशाला पैसा ओढतो, तसंच हे. जर्मन टेनिसमधल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: निवड जितकी कडक, तितका पहिल्या तिमाहीतल्या मुलांचा वाटा मोठा. साध्या रँकिंग यादीपेक्षा प्रादेशिक संघात जास्त, त्याहून राष्ट्रीय संघात जास्त.

जन्मतारीख तर बदलता येत नाही. पण निकाल कसा वाचायचा, स्पर्धा कोणत्या खेळायच्या आणि सराव कसा आखायचा, हे तिन्ही आपल्या हातात आहे.

आधी कटऑफ शोधा

‘अंडर-१४’ या दोन शब्दांवर विसंबू नका. वयोगट मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे होतात.

पहिली जन्मवर्षाची. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, म्हणजे आयटीएफ, आणि टेनिस युरोप १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं वर्ष धरतात. २०२६ मध्ये १४ खालील गटात २०१२ मध्ये जन्मलेली मुलंही खेळतात, मग जानेवारीतच त्यांना १४ पूर्ण झालेली का असेनात. गट दोन वर्षांचा असल्यामुळे जानेवारी २०१२ चं मूल आणि डिसेंबर २०१३ चं मूल एकाच ड्रॉमध्ये समोरासमोर येतात. अंतर २३ महिने. जन्ममहिन्याची चर्चा करताना हे दुसरं वर्ष लोक विसरतात, आणि बहुतेक दारुण स्कोअर तिथेच तयार होतात.

दुसरी पद्धत सरकत्या वयाची. अमेरिकेत यूएसटीए या तिथल्या टेनिस संघटनेच्या स्पर्धांत मूल ज्या महिन्यात १३ वर्षांचं होतं, त्या महिन्यापासून त्याचा ‘१२ आणि खालील’ गट बंद होतो. मे महिन्यात वाढदिवस असेल तर एप्रिलअखेरपर्यंत खेळा, मग वरच्या गटात. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांत डिसेंबरच्या मुलाची काळजी त्यामुळे कमी, पण ती पूर्ण संपत मात्र नाही. कॅलामझूची मुलांची १६ आणि १८ वयोगटांची राष्ट्रीय स्पर्धा ऑगस्टमध्ये असते. त्या ड्रॉमध्ये सगळ्यात मोठी मुलं कोण? सप्टेंबरमध्ये ज्यांचा गट सुटणार आहे ती. सरकत्या पद्धतीत दर स्पर्धेचा ‘जानेवारी’ वेगळा असतो, इतकंच. मोठी स्पर्धा कोणत्या महिन्यात आहे आणि मुलाचा वाढदिवस तिच्या आधी येतो की नंतर, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

भारतात आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धा १२, १४, १६ आणि १८ खालील गटांत होतात. प्रत्येक स्पर्धेच्या फॅक्टशीटवर (माहितीपत्रकावर) जन्मतारखेची अट छापलेली असते. गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, तीच ओळ वाचा. शालेय क्रीडा स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ असे वेगळे पडतात, तेव्हा आयटाच्या गटात धाकटं ठरणारं मूल शालेय स्पर्धेत मधलं किंवा थोरलं ठरू शकतं. उशिरा जन्मलेल्या मुलाला कधी तरी गटात मोठं असण्याचा अनुभव मिळावा म्हणून शालेय स्पर्धेचा हा उपयोग करून घ्यावा.

सापेक्ष वयाचा आकडा काढा

कटऑफ १ जानेवारी असेल तर १ जानेवारीपासून जन्मतारखेपर्यंतचे दिवस मोजा आणि ३६५ ने भागा. २० ऑक्टोबरचं मूल: २९२ दिवस, भागिले ३६५, उत्तर ०.८०. शून्याच्या जवळ म्हणजे गटात थोरलं, एकाच्या जवळ म्हणजे धाकटं. गट दोन वर्षांचा असेल आणि मूल त्याच्या पहिल्या वर्षात असेल तर त्यात १ मिळवा, म्हणजे हेच मूल १.८०. हा आकडा सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. निकालावर बोलताना तो समोर हवा.

नुसत्या तिमाहीवरही काम भागतं, पण ३१ मार्च आणि १ एप्रिल यांच्यात काही दरी नसते, हे लक्षात असू द्या.

मग भिंतीला टेप लावा

इथे बरेच पालक आणि काही प्रशिक्षकसुद्धा चुकतात. जन्ममहिना आणि शरीराची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्ममहिन्याचा फरक जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. पण वयात येण्याच्या वेळेत एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांमध्ये दोन-तीन वर्षांचाही फरक पडू शकतो. लवकर वाढलेलं डिसेंबरचं मूल उशिरा वाढणाऱ्या जानेवारीच्या मुलाला सहज मागे टाकतं. नुसत्या तारखेवरून अंदाज बांधला की तो इथेच फसतो.

मोजायची रीत: दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला, नजर समोर सरळ, डोक्यावर पुस्तक किंवा काटकोनी फळी दाबून खूण. वेळ सकाळचीच ठेवा, कारण दिवसभरात मणका दबून उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. दोनदा मोजा, सरासरी घ्या.

वर्षाला ५-६ सेंटिमीटर ही वयात येण्याआधीची नेहमीची चाल. वाढीचा झटका आला की मुलींत हा वेग ८ च्या आसपास आणि मुलांत ९-१० पर्यंत जातो. हा झटका मुलींना साधारण १२ व्या, मुलांना १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. तीन महिन्यांत २.२ सेंटिमीटर भरली तर चौपट करून ८.८, म्हणजे झटका सुरू, असं म्हणण्याआधी थांबा. मोजण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर चौपटीत ती दोन सेंटिमीटरची होते. सलग दोन मोजण्या, म्हणजे सहा महिने, एकत्र धरूनच निष्कर्ष काढा.

सोबत आई-वडिलांच्या उंचीवरून अंदाजे अंतिम उंची काढता येते. मुलासाठी दोघांच्या उंचीची बेरीज, अधिक १३, भागिले २. मुलीसाठी बेरीज, वजा १३, भागिले २. वडील १७२, आई १५८ असतील तर मुलाची अंदाजे उंची १७१.५. तो आज १४८ असेल तर ८६ टक्के गाठली. वाढीचा सगळ्यात वेगवान काळ साधारण ९० टक्क्यांच्या जरा पुढे येतो, म्हणजे याचा अजून यायचाय. पण या सूत्रात आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडे-तिकडे व्हायला पूर्ण जागा आहे. अंतिम उंची १६३ धरली तर तेच मूल ९१ टक्क्यांवर येतं. म्हणून टक्का आणि वाढीचा वेग, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच विश्वास ठेवा.

मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघण्याचा मार्ग नुसत्या उत्सुकतेपोटी धरू नये. वाढीत काही गडबड वाटत असेल तर तो निर्णय बालरोगतज्ज्ञाचा.

लहान मुलाची सर्व्हिस नेटमध्ये का जाते

सगळा वाद एका ठिकाणी स्वच्छ दिसतो, तो बेसलाइनवर. बेसलाइनपासून नेट ११.८८५ मीटर, नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटर. नेटची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर. बेसलाइनवरून चेंडू अगदी सरळ रेषेत मारून नेटच्या कडेवरून सर्व्हिस बॉक्सच्या शेवटच्या रेषेवर टाकायचा असेल, तर तो किती उंचीवर मारायला हवा? ०.९१४ ला १८.२८५ ने गुणा, ६.४० ने भागा. उत्तर २.६१ मीटर.

आता रॅकेट वर नेऊन चेंडूला लागते ती उंची खेळाडूच्या उंचीच्या साधारण दीडपट असते. १३५ सेंटिमीटरच्या मुलाची दोन मीटरच्या जरा वर, १६५ च्या मुलाची अडीच मीटरच्या जवळ. गुरुत्वाकर्षण चेंडूला खाली ओढतं म्हणून दोघांच्याही सर्व्हिस आत पडतात, पण जोर जितका वाढेल तितका मार्ग सरळ होत जातो आणि लहान मुलासाठी आत टाकायची खिडकी मिटत जाते. थोरला सपाट मारून जिंकतो. धाकटा त्याची नक्कल करायला जातो आणि सेटमध्ये दहा डबल फॉल्ट करतो, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवतो. त्यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही, भूमितीचा आहे.

यावरचा उपाय क्रमाने. कॉन्टिनेंटल ग्रिप (हातोडी धरावी तशी रॅकेटची पकड) पहिल्या दिवसापासून, कारण सपाट ढकलायची सवय लागल्यावर ती बदलायला वर्ष जातं. मग सर्व्हिस लाइनवरून दहा चेंडू फिरकीने, नेटच्या किमान अर्धा मीटर वरून. दहातले सात आत पडले की दोन पावलं मागे. बेसलाइनपर्यंत यायला दोन-तीन महिने लागू द्या. नेटवर दोन काठ्या बांधून त्यांच्यात दोरी ताणली की मुलाला लक्ष्य दिसतं. ‘वरून टाक’ असं शंभरदा ओरडण्यापेक्षा दोरी बरी. दिवसाला ५०-६० सर्व्हिस पुरेत. वाढीच्या झटक्यात ती संख्या आणखी खाली आणा. त्या काळात गुडघ्याखाली, टाचेत किंवा कमरेत दुखणं सुरू होतं, आणि कमरेचं दुखणं दोन आठवडे टिकलं तर ‘वाढीचं आहे’ म्हणून सोडून न देता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. सर्व्हिस करताना कमर मागे वाकते, आणि त्या वयात मणक्याच्या मागच्या हाडाला ताणाने चीर जाऊ शकते.

धाकट्या मुलाचा सराव

ऑक्टोबर-डिसेंबरच्या, किंवा उशिरा वाढणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त छळणारा फटका म्हणजे खांद्यावरून उसळणारा मूनबॉल, म्हणजे खूप उंचावरून टाकलेला चेंडू. लाल मातीच्या कोर्टवर तो आणखी उंच उठतो. मूल मागे-मागे सरकत कुंपणाला टेकतं आणि तिथून परत ढकलतं. मागे सरकणं चुकीचं नाही, पण तेवढंच येत असेल तर सामना तिथेच संपला.

दोन पर्याय शिकवा. एक, चेंडू उसळताच, छातीच्या खाली असताना, बेसलाइनवर उभं राहून घ्यायचा. त्यासाठी प्रशिक्षकाने हाताने उंच चेंडू टाकायचे, मुलाचा मागचा पाय बेसलाइनच्या मागे एक मीटरच्या पलीकडे गेला की तो गुण गेला. १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पहिले दोन आठवडे निम्मे चेंडू कुंपणाला लागतील, घाबरू नका. दुसरा पर्याय, हवेतच घ्यायचा, व्हॉलीने. नेटजवळ जायची सवय लहानपणीच लागते, आणि मूनबॉल टाकणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास त्यानेच होतो.

उपकरणं मुलाच्या मापाची हवीत, गटाच्या नव्हे. आयटीएफने २०१२ पासून १० वर्षांखालील स्पर्धांत मंद चेंडू सक्तीचे केले: लाल चेंडू पिवळ्यापेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. अकरा वर्षांचं मूल स्पर्धेत पिवळ्या चेंडूने खेळत असलं तरी त्याची उंची १३५ असेल तर आठवड्यातले दोन सराव हिरव्या चेंडूने घ्या. चेंडू कमरेच्या पातळीवर आला की पूर्ण स्विंग जमतो, आणि स्विंगच टिकतो. पालकांना यात कमीपणा वाटतो. तो त्यांचा प्रश्न आहे. २७ इंची रॅकेट ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेऊ नका. २५ किंवा २६ इंचीने मनगट मोकळं फिरतं. आणि बारा वर्षांच्या आतल्या हाताला कडक पॉलिएस्टर तार नको, मऊ तार लावा.

डावखुरं असेल तर एक गंमत सांगण्यासारखी. व्यावसायिक टेनिसपटूंच्या जन्मतारखा तपासणाऱ्या एका अभ्यासात पहिल्या महिन्यांचं पारडं उजव्या हाताने खेळणाऱ्यांत जड दिसलं, डावखुऱ्यांत तसं स्पष्ट दिसलं नाही. डावा हात बहुधा काही महिन्यांची भरपाई करतो. तेव्हा डाव्या हाताने रॅकेट उचलणाऱ्या मुलाला उजवीकडे वळवू नका.

थोरल्या मुलाचा सापळा

जानेवारी-मार्चच्या मुलाच्या घरात सहसा काळजीच नसते. कपाट करंडकांनी भरतंय म्हटल्यावर कोण कशाला तक्रार करेल? पण बारा वर्षांखालचे सामने वजन आणि उंचीवर जिंकता येतात. उशिरा फटका मारूनही चेंडू खोल जातो, दुसरी सर्व्हिस नुसती ढकलली तरी समोरच्याला मारता येत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाकीचे उंचीला येतात, आणि मग कळतं की नेटजवळचा खेळ, स्लाइस (चेंडू कापत मारायचा फटका), पायांची चपळाई यांतलं काहीच उभं राहिलेलं नाही. अशी मुलं ‘फॉर्म गेला’ असं ऐकत खेळ सोडतात. फॉर्म गेलेला नसतो, वयाची उधारी संपलेली असते.

शेवटच्या २० सामन्यांपैकी १४-१५ पेक्षा जास्त जिंकले असतील तर दर तीन स्पर्धांतली एक वरच्या गटात खेळवा. सगळ्याच वरच्या गटात नको. जिंकायची सवयही लागते. साधारण दोन विजयांमागे एक पराभव हे प्रमाण मुलाला शिकतं ठेवतं. आपल्याच गटात खेळताना एखादी अट घाला: पहिल्या सेटमध्ये दर गेममध्ये एकदा तरी नेटजवळ जायचं, किंवा दुसरी सर्व्हिस फक्त फिरकीची. एखादा सामना हरेल. हरू द्या.

निकालाची वही

स्कोअर तेवढा लिहून उपयोग नाही. प्रत्येक सामन्यापुढे पाच गोष्टी लिहा: प्रतिस्पर्ध्याचं जन्मवर्ष आणि जमल्यास महिना, तो अंदाजे किती उंच, स्कोअर, आपल्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम, आणि गमावलेल्या गुणांपैकी किती चेंडूच्या वेगाने किंवा उसळीने गेले आणि किती स्वतःच्या सोप्या चुकीने. शेवटच्या गोष्टीसाठी कुंपणाबाहेर बसून दोन रकान्यांत रेघा ओढल्या की झालं.

सहा महिन्यांनी वही उघडून तीन प्रश्न विचारा. वयात सहा महिन्यांच्या आत असलेल्या मुलांविरुद्ध निकाल कसे आहेत? वर्षभराने मोठ्यांविरुद्धचं अंतर कमी होतंय का, मागच्या वेळी १-६, १-६ आणि आता ४-६, ३-६? आणि ताकदीने गेलेले गुण जास्त आहेत की चुकांनी? ताकदीने जाणारे गुण उंची आपोआप भरून काढते. समवयस्कांविरुद्धही चुकांनीच गुण जात असतील तर जन्ममहिन्याच्या आड लपू नका. ती सरावाची बाब आहे.

वयाचा संबंधच नसलेली मापंही हाताशी आहेत. यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) ही श्रेणी १ पासून साडेसोळापर्यंत जाते, आयटीएफचा वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ कडे उतरतो. दोन्ही ‘कोणाविरुद्ध कसा खेळलास’ एवढंच बघतात. अशा श्रेणीवर जोड्या लावलेले सामने महिन्यातून दोनदा तरी मिळाले तर धाकट्याला बरोबरीचे आणि थोरल्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी सापडतात, मग समोरचा ११ वर्षांचा असो की ४० चा.

स्पर्धांचं कॅलेंडर

दोन वर्षांच्या गटात धाकट्या मुलाचं पहिलं वर्ष शिकण्याचं धरा. आयटाच्या खालच्या पातळीच्या टॅलेंट सिरीज आणि चॅम्पियनशिप सिरीजमध्ये, जवळच्या शहरांत, मुख्य ड्रॉत दोन-तीन सामने मिळतील अशा ठिकाणी खेळवा. वरच्या पातळीच्या सुपर सिरीज आणि नॅशनल सिरीजच्या पात्रता फेरीत पहिल्याच दिवशी हरून रात्रीच्या गाडीने परतण्यात पैसा जातो आणि मूलही खचतं. दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात, जुलैनंतर, वर चढा. तोवर खालच्या वर्षातली मुलं गटात आलेली असतात आणि तुमचं मूल पहिल्यांदाच कोणापेक्षा तरी मोठं असतं.

आयटीएफ ज्युनिअरचा हिशेब मात्र आधीच मांडून ठेवा. १३ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय उतरता येत नाही, आणि ज्या वर्षात १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळता येतं. ५ जानेवारीच्या मुलाला यात जवळपास सहा वर्षं मिळतात. २८ डिसेंबरच्या मुलाला पाच वर्षं आणि तीन दिवस. शिवाय शेवटच्या वर्षभर जानेवारीचं मूल १८ पार केलेलं असतं आणि डिसेंबरचं १७ चंच. तेव्हा ‘अमक्या वयात अमकं ज्युनिअर रँकिंग’ हे लक्ष्य दोघांना एकच लावू नका. व्यावसायिक स्पर्धांत वयाची किमान अट असते, गट नसतात. सिनरचं सर्वोच्च ज्युनिअर रँकिंग १३३ होतं. तेराव्या वर्षापर्यंत तो स्कीइंगही जोरात करत होता. सानिया मिर्झाचा जन्म १५ नोव्हेंबरचा, आणि २००३ मध्ये विम्बल्डनचं मुलींचं दुहेरी विजेतेपद तिच्याकडे होतं. दोन-चार नावांनी नियम मोडत नाही, पण धाकट्यांना दार बंद नाही एवढं त्यांवरून दिसतं.

निवड करणाऱ्यांसाठी

अकादमी किंवा जिल्हा संघटनेने आपलीच यादी तपासावी. समजा २४ मुलांचा संघ आहे आणि तिमाहीनुसार ११, ७, ४, २ अशी वाटणी निघाली. प्रत्येकी ६ अपेक्षित. फरकांचे वर्ग करून ६ ने भागून बेरीज केली तर काय-वर्ग (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासायचा आकडा) येतो ७.६७, आणि योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांखाली म्हणायची तर तो ७.८१ च्या वर हवा. म्हणजे डोळ्यांना इतकं ढळढळीत दिसूनही एका वर्षाच्या यादीवरून सिद्ध झालं म्हणता येत नाही. तीन-चार वर्षांच्या याद्या एकत्र करा. आणि तुलना २५-२५ टक्क्यांशी न करता ट्रायलला आलेल्या सगळ्या मुलांच्या वाटणीशी करा. नोंदणीतच थोरली मुलं जास्त असतील तर गळती निवडीच्या आधीच सुरू झालेली आहे.

ट्रायलच्या दिवशी धाव, उडी, सर्व्हिसचा वेग हे आकडे वयाच्या महिन्यांसमोर आलेखावर मांडा, सगळ्या ठिपक्यांमधून एक रेघ ओढा, आणि कोण पहिला आला यापेक्षा रेघेच्या किती वर कोण आहे ते बघा. स्वित्झर्लंडमध्ये लहान मुलांच्या ६० मीटर धावण्याच्या वेळांना अशीच दुरुस्ती लावून पाहिली गेली आहे. आलेखाचा कंटाळा असेल तर त्याहून सोपा उपाय आहे. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या तेव्हा पक्षपात तसाच राहिला. पाठीवरचे नंबर वयाच्या क्रमाने लावले आणि तसं सांगितलं, तेव्हा तो नाहीसा झाला. टेनिसच्या ट्रायलला बिब (अंगावर घालायचे नंबरचे कपडे) लागतातच. थोरल्याला १, धाकट्याला शेवटचा नंबर द्या आणि परीक्षकांना सकाळीच ते सांगून ठेवा. खर्च शून्य.

आणि कागदपत्रं

नोंदणीच्या आधी जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग जुळवून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली असेल आणि दाखला पुढे काढला असेल तर पडताळणीत प्रश्न येतात, म्हणून रुग्णालयाचा कागद जपून ठेवा. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. तेव्हा ती सोय होती. आज ज्युनिअर टेनिसमध्ये तारीख सहा महिने पुढे सरकवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पासपोर्टवरची आणि दाखल्यावरची तारीख जुळली नाही की मुलाची नोंदणीच अडकते, आणि तोपर्यंतचे गुण वाया जाण्याची वेळ येते.